पार्सल दारात, दाद जिल्ह्यात : ऑनलाइन ग्राहकाच्या हक्कांचा आढावा

अजिंठा म्हटले की जगाला लेणी आठवतात. ती लेणी घाटाखाली, फर्दापूरजवळ सोयगाव तालुक्यात आहेत. अजिंठा हे गाव मात्र घाटमाथ्यावर, सिल्लोड तालुक्यात वसलेले आहे. जुनी वेस आणि सराय, जळगावकडून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याची वर्दळ आणि भोवताली कापूस, मका, मिरचीची शेती, असे हे गाव. या आणि अशा गावांत आज मोबाइलवरून फवारणी पंप येतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतात, साड्या, मिक्सर, चार्जर येतात. जी वस्तू घ्यायला पूर्वी सिल्लोड गाठावे लागे, कधी थेट जिल्ह्याला जावे लागे, ती आता दारात मिळते. ही सोय खरी आहे आणि गावाला तिची गरज आहे.

अडचण येते ती व्यवहार बिघडल्यावर. खोक्यातून भलतीच वस्तू निघाली, पंप आठवड्यात बंद पडला, खात्यातून पैसे गेले पण ऑर्डर झालीच नाही, तर बोलायचे कोणाशी? बाजारपेठेतला दुकानदार असता तर त्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहता आले असते. इथे विक्रेता सुरतेत, गोदाम भिवंडीत आणि कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असू शकते, तर पार्सल आणून देणाऱ्याचे काम देण्याबरोबर संपते. या चौघांत जबाबदार कोण आणि गावातल्या माणसाने दाद कुठे मागायची, हे दोन प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत. गेल्या काही वर्षांत कायद्याने दोन्हींची बरीच ठोस उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा आणि ती जिथे अपुरी पडतात त्या जागांचा हा आढावा.

तक्रार आपल्याच जिल्ह्यात

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा विचार रुजवला आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

त्या कायद्यात तक्रार कुठे करायची हे मुख्यतः विक्रेत्याच्या ठावठिकाण्यावर ठरत असे. त्याचा व्यवसाय किंवा शाखा जिथे असेल, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथे दाद मागायची. गावातल्या दुकानातील खरेदीला हे पुरेसे होते. ऑनलाइन खरेदीत मात्र कंपन्यांच्या अटींमध्ये अमुक शहरातील न्यायालयांनाच अधिकार राहील असे लिहिलेले असे आणि हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी कोणी बंगळुरूला जाणार नाही हे उघड होते. २०१७ मध्ये विमानाच्या ऑनलाइन तिकिटाच्या एका प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने, ग्राहकाने जिथे बसून व्यवहार केला तिथेही तक्रार चालू शकते असे मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा प्रश्न कायमचा मिटवला. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्याचे काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. ‘ग्राहक’ या व्याख्येतच ऑनलाइन खरेदी, टेलिशॉपिंग आणि थेट विक्री यांचा समावेश झाला. म्हणजे अजिंठ्यातल्या माणसाने मागवलेल्या वस्तूचा वाद छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. कंपनी देशात कुठेही असो, तिला इथे यावे लागते. वाद लवादाकडेच न्यावा लागेल अशी अट बारीक अक्षरांत असली तरी तिच्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले होते.

मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. घरगुती ऑनलाइन खरेदी जवळपास सगळीच या चौकटीत बसते.

विक्रेता, मंच आणि जबाबदारी

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. ज्या ॲपवर आपण वस्तू पाहतो ते बहुतेकदा स्वतः विकत नाही. ते मंच पुरवते आणि विकणारा तिसराच असतो. २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी हा फरक मान्य केला आणि प्रत्येकाला त्याचे काम नेमून दिले.

प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, पद व संपर्क ॲपवर किंवा संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करायचे. मंच चालवणाऱ्याने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा तपशील दाखवायचा, प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा. विक्रेत्याने सदोष वस्तू, जाहिरातीत दाखवलेल्यापेक्षा वेगळी वस्तू किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आलेली वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार द्यायचा नाही. पूर, वादळासारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेला उशीर एवढाच त्याला अपवाद. वेष्टनावर असायला हवी ती माहिती, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव, वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार खरेदीच्या पानावरही दिसली पाहिजे.

‘आम्ही फक्त मंच आहोत’ हे उत्तर मात्र अजूनही ऐकू येते. त्यात काही तथ्य आहे, कारण लाखो विक्रेत्यांचा प्रत्येक डबा मंचाने उघडून पाहावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. पण मंच विक्रीवर कमिशन घेतो, वस्तू वर-खाली दाखवतो, पैसे आपल्याकडे जमा करून घेतो. मग त्याने हात झटकावेत कसे? मे २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबादमध्ये ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-सुऱ्यांची पार्सले पोलिसांनी जप्त केली, तेव्हा हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला होता.

त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर २०२२ मध्ये प्रेशर कुकरच्या प्रकरणांत मिळाले. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले होते, तरीही त्या निकषात न बसणारे कुकर मंचांवर विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड केला. अमेझॉनवरून विकलेले २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून विकलेले ५९८ कुकर घेणाऱ्यांना कळवून, वस्तू परत घेऊन पैसे परत करण्याचा आदेश दिला. विक्रीतून कमिशन मिळवणारा त्या विक्रीच्या परिणामांपासून अलिप्त राहू शकत नाही, हा त्या आदेशांचा गाभा. दंड लहान होता, तत्त्व मोठे होते.

विक्रेता गायब झाला तर नुकसान मंचाने भरून द्यावे, अशी तरतूद जून २०२१ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या सुधारणांच्या मसुद्यात होती. ती नियमांत उतरलेली नाही. गावातल्या ग्राहकासाठी सर्वांत मोलाची ठरली असती अशी ही तरतूद आहे, कारण न सापडणाऱ्या विक्रेत्याविरुद्धचा आदेश कागदावरच राहतो.

परत करण्याचा हक्क कुठवर?

या विषयात सर्वाधिक गैरसमज परतीबाबत आहे. वस्तू सदोष असणे आणि वस्तू न आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू सदोष, तुटलेली, चुकीची किंवा बनावट असेल तर ती परत देणे हा कायद्याचा हक्क आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. त्यामुळे ‘या वस्तूवर रिटर्न नाही’ एवढे लिहून कोणी सदोष मालाची जबाबदारी टाळू शकत नाही.

साडीचा रंग मनास आला नाही, बूट घरच्यांना पसंत पडला नाही, अशा कारणांसाठी मात्र आपल्याकडे कायदा सरसकट परतीचा हक्क देत नाही. तिथे कंपनीचे धोरण चालते. युरोपीय संघात २०११ च्या निर्देशानुसार दूरस्थ खरेदी कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते, काही वस्तूंचा अपवाद सोडून. वस्तू हातात न घेता खरेदी करणाऱ्याला विचार बदलण्याची संधी असावी, हे त्यामागचे कारण. ते कारण आपल्या ग्राहकालाही तितकेच लागू आहे. तसा हक्क आपल्याकडे येईपर्यंत खरेदीपूर्वी परतीची अट वाचणे हाच उपाय उरतो: परत घेणार की फक्त बदलून देणार, आणि किती दिवसांत.

खरेदीच्या पडद्यावरच ग्राहकाला फशी पाडणाऱ्या युक्त्यांवरही आता बंदी आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ ‘डार्क पॅटर्न’ची यादी दिली आहे. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे, शेवटच्या पायरीवर नवे शुल्क दाखवणे, ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई लावणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे महाकठीण ठेवणे, ही त्यातली उदाहरणे. आधीच टिक केलेल्या चौकटीला संमती म्हणता येत नाही, हे तर २०२० च्या नियमांतच आहे. असे काही दिसले तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा. पडदा बदलतो, पण चित्र पुरावा म्हणून राहते.

शेतकरी आणि छोटा व्यावसायिक

‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगून अनेकांना परत पाठवले जाते. व्यापारी हेतूने केलेली खरेदी कायद्यातून वगळलेली आहे हे खरे. पण स्वतःच्या कष्टाने, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला व्यापारी हेतू लागू होत नाही. कपाशीवर फवारायला पंप घेणारा शेतकरी, घरी ब्लाउज शिवणारी आणि त्यासाठी शिलाई मशीन मागवणारी बाई, लेण्यांच्या वाटेवर दगड-स्फटिक विकणारा आणि त्यासाठी वजनकाटा घेणारा माणूस, हे सगळे ग्राहक आहेत.

बियाण्यांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात शेतकरी ग्राहकच असल्याचा निर्वाळा दिला. आता बियाणे आणि औषधेही ऑनलाइन मिळतात, तेव्हा हा निकाल सिल्लोड तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असायला हवा. पेरणी वाया गेली तर गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणून बियाण्याची पिशवी, तिच्यावरचे लेबल, लॉट क्रमांक आणि थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. न उगवल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार करून पंचनामा मागावा. आयोगासमोर तो पंचनामा बोलतो.

पैसे अडकले तर

पैशाच्या बाबतीत तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला, व्यवहार फसला पण खात्यातून पैसे गेले. यूपीआयने दुकानदाराला किंवा ॲपला दिलेले पैसे अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता.

दुसरा, आपण न केलेला व्यवहार खात्यावर झाला. जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याला सोसावे लागते. म्हणून क्षण न दवडता बँकेला सांगणे महत्त्वाचे.

तिसरा प्रकार सरळ फसवणुकीचा. रिफंड मिळत नाही म्हणून माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, तो नंबर भामट्याचा निघतो आणि आधी अडकलेल्या रकमेच्या पाठोपाठ खात्यातले सगळेच जाते. नंबर नेहमी ॲपच्या आत किंवा बिलावर पाहावा. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच ती वाचते. हा गुन्हा आहे, तो पोलिसांकडे जातो. सदोष वस्तूचा वाद ग्राहक आयोगाकडे जातो. दोन्हींची गल्लत झाली की मोलाचे तास हातचे जातात.

दाद मागण्याची वाट

पुरावा पार्सल हातात येताच सुरू होतो. डिलिव्हरीचा ओटीपी खोके पाहिल्यावर द्यावा, आधी नाही, कारण तो दिला की वस्तू मिळाल्याची नोंद होते. महागडी वस्तू असेल तर पत्त्याचे लेबल दिसेल असा, खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा. कायद्याने तो सक्तीचा नाही, पण ‘खोक्यात मोबाइलच होता’ या दाव्याला त्याहून चांगले उत्तर नाही. बिल, ऑर्डरचे पान, जाहिरातीचे चित्र आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपावेत.

पहिली तक्रार ॲपवर, लेखी आणि क्रमांक घेऊन. तिथे टोलवाटोलवी झाली की तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवून तडजोड घडवते. लहान रकमांसाठी हा मार्ग पुष्कळदा पुरतो.

तेवढ्याने भागले नाही तर आयोग. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज करता येतो. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मुदत ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे. आदेशाविरुद्ध अपील करायचे तर कंपनीला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठही छत्रपती संभाजीनगरला आहे. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

फारशी कोणी न वापरलेली दोन दारे इथे सांगितली पाहिजेत. एकाच विक्रेत्याकडून अनेकांची सारखीच फसगत झाली असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते, आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनाही ती करू शकते. तसेच अनेक ग्राहकांना बाधणाऱ्या अनुचित प्रथेची तक्रार कलम १७ नुसार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. एकट्याच्या सातशे रुपयांसाठी कोणी झगडणार नाही, पण गावातल्या वीस जणांचे सातशे मिळून विषय गंभीर होतो.

उरलेले अंतर

इतके सगळे असूनही गावातून तक्रारी फारशा पुढे जात नाहीत, याची कारणे समोर दिसतात. अजिंठ्याहून जिल्ह्याचे ठिकाण नव्वद-शंभर किलोमीटरवर आहे. एका तारखेला जायचे म्हणजे एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी आणि बहुधा पुढची तारीख. साध्या प्रकरणाचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी लागणाऱ्याचा पाच महिन्यांत लावावा असे कायदा सांगतो, पण प्रत्यक्षात वर्षे जातात. आयोगांतील रिक्त पदांचा प्रश्न इतका वाढला की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, पण प्रतिज्ञापत्र तयार करणे आणि कागद योग्य क्रमाने जोडणे सवय नसलेल्याला अवघड जाते. जो माणूस ॲपवरून बिनचूक खरेदी करतो तोच तक्रारीच्या पानावर अडतो, कारण खरेदी सोपी करण्यासाठी जेवढी मेहनत घेतली गेली तेवढी तक्रार सोपी करण्यासाठी घेतली गेली नाही.

यावरचा एक उपाय कायद्यातच लिहिलेला आहे. ग्राहकाच्या जिल्ह्यात तक्रार आणणारे जे कलम ३४, त्याच्याच तिसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की जिल्हा आयोग एरवी जिल्ह्याच्या ठिकाणी बसेल, पण राज्य आयोगाशी विचारविनिमय करून राज्य सरकार अधिसूचित करील अशा जिल्ह्यातील अन्य ठिकाणीही तो काम करू शकेल. म्हणजे सिल्लोडला महिन्यातून एकदा आयोगाची बैठक भरवायची तर नवा कायदा लागत नाही, एक अधिसूचना पुरते. सिल्लोड, सोयगाव आणि कन्नडच्या ग्राहकांना त्याचा थेट फायदा होईल.

तोवर दोन गोष्टी लगेच करता येतील. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेने ऑनलाइन खरेदीच्या तक्रारी हा बैठकीचा कायमचा विषय करावा. आणि २४ डिसेंबरला तहसील कार्यालयात होणारा ग्राहक दिनाचा कार्यक्रम भाषणांवर न थांबवता त्या दिवशी तिथेच लोकांच्या प्रलंबित तक्रारी ई-जागृतीवर भरून द्याव्यात. महाविद्यालयातील विद्यार्थी, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते आणि आपले सरकार सेवा केंद्राचे चालक एवढे मनुष्यबळ त्याला पुरेसे आहे.

बंगळुरूचा वाद संभाजीनगरला आणण्यासाठी ३४ वर्षे आणि एक नवा कायदा लागला. तो संभाजीनगरहून सिल्लोडला आणण्यासाठी राज्य सरकारची एक सही लागते. ती सही व्हावी म्हणून अजिंठा, शिवना, गोळेगावच्या ग्रामसभांनी ठराव करावेत आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत. मागणी कायद्यातली आहे, म्हणून ती संकोच न करता आणि वारंवार केली पाहिजे.